आधी हात बसू द्या : ड्रॅगन बॉल फायटर्झमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी सांगलीहून पुण्यात आला. बॅगा ठेवल्या, घरी पोचल्याचा फोन केला आणि लगेच मला म्हणाला, "मावशी, मला तो मोठा कॉम्बो शिकव ना." त्याच्या मोबाइलवर 'ड्रॅगन बॉल फायटर्झ' या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या कॉम्बोचा, म्हणजे एकामागे एक गुंफलेल्या फटक्यांचा, एक व्हिडिओ होता. गोकू समोरच्याला जमिनीवरून उचलतो, हवेत पुन्हा पुन्हा गाठतो, कोपऱ्यात आपटतो आणि शेवटी कामेहामेहा, म्हणजे त्याचा तो ऊर्जेचा झोत. पोराने दहा दिवसांत तो कॉम्बो ट्रेनिंग मोडमध्ये बसवलासुद्धा. मग शनिवारी कर्वेनगरला आमची मंडळी जमतात, तिथे त्याला घेऊन गेले. त्या संध्याकाळी तो वीसेक मॅच खेळला आणि कॉम्बो एकदाही लागला नाही. कॉम्बो सुरू करायला आधी पहिला फटका बसावा लागतो. तो कसा बसवायचा, हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आम्ही दोघं ज्या क्रमाने बसलो, तोच क्रम इथे लिहिते आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. नवशिक्याने एकच छोटा कॉम्बो शिकावा आणि तो झोपेतही लागेल इतका घोटावा. उरलेला सगळा वेळ पहिला फटका मिळवण्यावर आणि समोरच्याचा फटका अडवण्यावर घालवावा.

कुठल्या गेमबद्दल बोलतो आहोत

ड्रॅगन बॉलचे गेम पुष्कळ आहेत आणि नावांमध्ये गोंधळ होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'स्पार्किंग! झीरो' हा मोकळ्या मैदानात चहूकडे उडत खेळायचा गेम आहे. त्यात १८० हून जास्त पात्रं आहेत आणि मजा वेगळीच आहे. मी लिहिते आहे ते 'ड्रॅगन बॉल फायटर्झ'बद्दल. 'गिल्टी गिअर' बनवणाऱ्या आर्क सिस्टम वर्क्सने तो तयार केला, बांदाई नामकोने जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आणला. यात बाजूने दिसणारा सपाट आखाडा असतो आणि तीनास तीन अशी लढत असते. सुरुवातीला २४ पात्रं होती, पुढे भर पडत ती चाळिशीच्या वर गेली. पडद्यावर हाताने काढलेलं चित्र वाटतं, पण आतली सगळी पात्रं त्रिमितीय आहेत. कार्टूनसारखी दिसावीत म्हणून त्यांची हालचाल मुद्दाम कमी चित्रांत, ठेक्याठेक्याने केली आहे. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून कार्टून नेटवर्कवर गोकू बघणाऱ्या आमच्या पिढीला हा गेम पहिल्यांदा दिसला तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता.

पायरी १ : साहित्य

यावर जास्त वेळ घालवू नका. कॉम्प्युटर असेल तर साधा कीबोर्डही चालतो. आमच्या गटातले दोघं जण पहिल्यापासून कीबोर्डवरच खेळतात आणि चांगले खेळतात. पॅड असेल तर वायरने जोडा. पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेत मी पहिलं वर्ष काढलं. तिथल्या पॅडचं एक बटण दाबलं की अडकून राहायचं आणि माझं टायमिंगच चुकतंय असं मी कित्येक महिने समजत होते. म्हणून आधी ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट पडद्यावर दाखवायचा पर्याय चालू करा आणि प्रत्येक बटण नीट नोंदलं जातंय का ते बघा. केबल, जोडणी, लॅनची वायर असं काही हवं असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच.

विकत घेताना आधी फक्त मूळ गेम घ्या. नंतर आलेली पात्रं वेगळी विकत मिळतात, त्यांची घाई नको. कॉम्प्युटरवर सेल वरचेवर लागतो.

पायरी २ : कॅल्क्युलेटर वाचायला शिका

जगभरचे खेळाडू कॉम्बो आकड्यांत लिहितात. ही लिपी एका संध्याकाळी येते. किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर आणा. वरच्या ओळीत ७-८-९, मध्ये ४-५-६, खाली १-२-३. (मोबाइलच्या डायलवर १ वरती असतो, तो क्रम इथे घेऊ नका.) तुमचं पात्र ५ वर उभं आहे आणि तोंड उजवीकडे आहे असं धरा. मग ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे, २ म्हणजे खाली बसणं, ८ म्हणजे सरळ उडी, ९ म्हणजे पुढे उडी. तुम्ही पडद्याच्या उजव्या बाजूला असाल तर चित्र आरशासारखं उलटतं, आकडे मात्र तेच राहतात.

'२३६' म्हणजे खालून पुढे पाव वर्तुळ, कामेहामेहाचा इनपुट. '२१४' म्हणजे खालून मागे पाव वर्तुळ. फायटर्झचं मोठेपण इथे आहे. बहुतेक सगळ्या खास चाली या दोन पाव वर्तुळांवरच भागतात. जुन्या फायटिंग गेममधली नवशिक्यांचा घाम काढणारी झेडच्या आकाराची चाल इथे नाही. एका पात्रावर हात बसला की दुसरं पात्र उचलणं सोपं जातं.

पायरी ३ : चार बटणं आणि सगळ्यांकडे असलेली हत्यारं

चार बटणं : एल हलका फटका, एम मध्यम, एच जड, आणि एस म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ऊर्जेचा गोळा. शिवाय दोन बटणं साथीदारांना हाक मारायला. उभं राहून मारलेला मध्यम फटका '५एम', बसून मारलेला '२एम'.

काही हत्यारं प्रत्येक पात्राकडे असतात, ती पाठच करा. एच आणि एस एकत्र दाबलं की सुपर डॅश. पात्र समोरच्याच्या दिशेने झेपावतं आणि साध्या ऊर्जेच्या गोळ्यांमधून आरपार जातं. एल आणि एम एकत्र म्हणजे ड्रॅगन रश. नुसतं अडवत बसलेल्याला पकडायची ही चाल. एम आणि एच एकत्र म्हणजे व्हॅनिश. 'की' म्हणजे ऊर्जा, तिच्या गेजचा (पट्टीचा) एक बार खर्चून तुम्ही समोरच्याच्या पाठीमागे प्रकटता. मागे धरून एस दाबलं की रिफ्लेक्ट, म्हणजे येणारा फटका झटकून समोरच्याला दूर ढकलणं. आणि २एच, म्हणजे खाली बसून वर उसळणारा जड फटका. या २एचकडे पुढे परत येणारच आहे.

नुसतं एल एल एल दाबत राहिलं तरी गेम स्वतःहून एक कॉम्बो लावून देतो. पहिल्या आठवड्यात तो बिनधास्त वापरा. पात्रं आवडायला लागतात, हात पडद्याशी जुळतो. आठवड्यानंतर मात्र सोडा, कारण त्यात कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

पायरी ४ : एकच कॉम्बो

कॉम्बो म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. फटका बसला की समोरचा काही क्षण थिजतो. त्याला ना हलता येतं, ना अडवता. या थिजण्याला हिटस्टन म्हणतात. ते संपायच्या आत तुमचा पुढचा फटका पोचला तर समोरच्याला सुटकाच नाही. असे फटके एकामागे एक गुंफले की झाला कॉम्बो. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये ही गोष्ट ठरवून आलेली नव्हती. मोटार फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की टायमिंग साधलं तर फटके एकमेकांना जोडता येतात. ते त्यांनी तसंच राहू दिलं. आज अख्खा खेळप्रकार त्या एका निरीक्षणावर उभा आहे.

फायटर्झचा वेळ फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रात, मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. आकडा ऐकून घाबरू नका. ढोल-ताशा पथकात वाजवणारा मात्रा सेकंदात मोजत नाही, तो ठेका अंगात मुरवतो. ऑगस्टच्या आगेमागे संध्याकाळी मुठेच्या काठाने गेलात तर सराव कानावर पडतोच. नव्या मुलांचा हात आधी अगदी संथ लयीत बसवतात, वेग नंतर वाढवतात. कॉम्बोचंही अगदी तसंच करायचं.

बहुतेक पात्रांना चालणारा पाया असा :

२एम, ५एम, उडी, हवेत एम-एल-एल, पुन्हा उडी, एल-एल-एल.

सुरुवातीचा बसून मारलेला मध्यम फटका पायावर बसतो. दुसऱ्या फटक्याची हालचाल पूर्ण व्हायच्या आत तुम्ही उडी घेता आणि समोरचा तुमच्याबरोबर हवेत येतो. हवेत तीन फटके, मग दुसऱ्या उडीने पुन्हा तीन. शेवटचा फटका त्याला खाली आपटतो. हे बसलं की शेवटी तुमच्या पात्राची खास चाल आणि सुपर (बार खर्चून मारायची मोठी चाल) जोडायला शिका. प्रत्येक पात्राचं वजन आणि हाताची लांबी वेगळी, त्यामुळे शेवटचा भाग पात्रागणिक थोडा बदलतो. गेममध्येच कॉम्बो चॅलेंज आहेत. आपल्या पात्राचे पहिले दोन-तीन तिथे पाहून घ्या.

सरावाची पद्धत सांगते. पहिल्या दिवशी फक्त '२एम, ५एम, उडी'. एवढंच, वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी हवेतले तीन फटके जोडा. इथे बहुतेकांचं एकच चुकतं : उडी घेतल्यावर बटण उशिरा दाबलं जातं, पात्र वर निघून जातं आणि फटका समोरच्याच्या डोक्यावरून जातो. उडी आणि एम जवळजवळ एकाच श्वासात यायला हवेत. तिसऱ्या दिवशी दुसरी उडी. चौथ्या दिवशी पडद्याच्या दुसऱ्या बाजूने पहिल्यापासून सगळं परत. हा दिवस लोक टाळतात, आणि मॅचमध्ये जागा बदलली की त्यांचा कॉम्बो तुटतो. माझ्या भाच्याला मी नियम घालून दिला होता : एका बाजूने सलग दहा, दुसऱ्या बाजूने सलग दहा. मध्ये एक जरी चुकला तरी एकपासून पुन्हा. पहिल्या दिवशी रात्री साडेअकरा वाजले. आठव्या दिवशी त्याचे वीस झाले तेव्हा तो माझ्याशी सेमिस्टरच्या वेळापत्रकाबद्दल बोलत होता आणि हात आपले आपण चालले होते. हात बसला म्हणतात तो हाच.

आता प्रश्न येतो, लांब कॉम्बो का नको? कारण गेम स्वतःच लांब कॉम्बोला आवर घालतो. प्रत्येक पात्राची ताकद, म्हणजे फटके झेलायची शिल्लक, १०,००० असते. कॉम्बो जसजसा वाढतो तसतशी पुढच्या प्रत्येक फटक्याची किंमत उतरते, याला स्केलिंग म्हणतात. सुरुवात हलक्या फटक्याने केली तर ही उतरण आणखी लवकर लागते. शिवाय वेळ जातो तसं हिटस्टनही आखडतं आणि शेवटी समोरचा निसटतो. म्हणजे चाळीस फटक्यांचा कॉम्बो दहा फटक्यांच्या चौपट नुकसान करतो असं अजिबात नाही. मोठ्या स्पर्धांतले खेळाडू लांब कॉम्बो लावतात ते दोन कारणांसाठी. त्यांना समोरच्याला कोपऱ्यात न्यायचं असतं, आणि कॉम्बोच्या शेवटी तो अशा जागी पाडायचा असतो की उठताना पुन्हा आपलाच डाव असेल. उठणाऱ्यावर ठेवलेल्या या दबावाला जपानी शब्द आहे, ओकिझेमे. तुमचा छोटा कॉम्बो समोरच्याला नीट पाडत असेल आणि पाडल्यावर तुम्ही त्याच्या जवळ उभे असाल, तर पहिले सहा महिने त्याहून जास्त काही लागत नाही.

पायरी ५ : पहिला फटका मिळवणं

दोघंही मोकळे आहेत, कुणाचाच डाव चालू नाही, त्या अवस्थेला न्यूट्रल म्हणतात. नवशिका इथे एकच गोष्ट करतो : सुपर डॅश. दिसायला देखणा, आपोआप समोरच्याकडे नेणारा, म्हणून मोह होतो. माझ्या भाच्याने त्या पहिल्या संध्याकाळी शेकड्याने मारले असतील. आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडे त्याचं एकच उत्तर होतं, २एच.

२एच मारताना पात्राला हवेतून येणारे हल्ले लागतच नाहीत, आणि सुपर डॅश हवेतूनच येतो. येणारा खाली बसलेल्याच्या हातावर आदळतो, वर फेकला जातो आणि तिथून समोरच्याचा कॉम्बो सुरू होतो. म्हणून कॉम्बोनंतर शिकायची पहिली गोष्ट ही. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (समोरच्या सरावाच्या पात्राला) दोन गोष्टी रेकॉर्ड करून द्या : एकदा सुपर डॅश, एकदा नुसतं चालत पुढे येणं. दोन्ही आलटून-पालटून, कुठली येणार ते न कळता चालू ठेवा. डॅश आला तर २एच, चालत आला तर हात आवरा. हात आवरणं जास्त कठीण आहे. एक आठवडा रोज पंधरा मिनिटं. मी स्वतः जितक्या मॅच जिंकते त्यातल्या कितीतरी या एका उत्तरावर जिंकते.

२एच लागला की समोरचा हवेत असतो. तिथेच उडी घ्या आणि वर घोटलेल्या कॉम्बोचा हवेतला अर्धा भाग लावा. म्हणजे नवीन काही शिकावं लागत नाही. एकच कॉम्बो शिका म्हणते ते यासाठीच : तोच तुकडा वेगवेगळ्या दारांतून वापरता येतो.

मग सुपर डॅश कधी मारायचा? समोरच्याचे हात गुंतलेले असताना. त्याने दुरून ऊर्जेचे गोळे टाकायला सुरुवात केली की मारा, गोळे तुम्हाला अडवत नाहीत. किंवा तुमच्या साथीदाराचा बीम (ऊर्जेचा झोत) समोरच्यावर आदळत असताना त्याच्या आडून मारा, तेव्हा त्याला बसून २एच मारायला सवड नसते. रिकाम्या मैदानात, काही घडत नसताना मारू नका.

जमिनीवर चालणंही शिका. हे कुणी सांगत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, समोरच्याच्या हाताच्या टप्प्याच्या किंचित बाहेर. त्याने मारलं आणि हुकलं की आत शिरून २एम. कुस्तीत दोन मल्ल हात लावायच्या आधी कितीतरी वेळ एकमेकांभोवती फिरतात. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. पण त्या फिरण्यातच अंतर ठरत असतं, पुढचा डाव ठरत असतो.

पायरी ६ : अडवणं

इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये लास वेगसच्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत त्या वर्षी सगळ्यात जास्त नावं फायटर्झला आली होती. अंतिम सामना अमेरिकेचे सॉनिकफॉक्स आणि जपानचे गो१ यांच्यात झाला. सॉनिकफॉक्स बार्डॉक, झमासू आणि अँड्रॉइड १६ घेऊन जिंकले. पुढच्या वर्षी, २०१९ ला, अंतिम फेरीत पुन्हा तेच दोघं समोरासमोर आले आणि या वेळी गो१ जिंकले. गो१ यांची ओळख सांगताना लोक त्यांच्या कॉम्बोंबद्दल नंतर बोलतात. आधी बोलतात ते त्यांच्या बचावाबद्दल. कोपऱ्यात, तीन-तीन पात्रांचा मारा चालू असताना, दोन्ही बाजूंनी, वर-खाली, ते शांतपणे अडवत राहतात. ते सामने रेकॉर्डिंगवर बघाल तेव्हा मारणाऱ्याकडे बघू नका, अडवणाऱ्याकडे बघा.

अडवायचं कसं? मागे धरलं की उभं राहून अडवलं जातं, खाली-मागे (१) धरलं की बसून. पायावर येणारा फटका बसूनच अडवावा लागतो आणि उडी मारून वरून येणारा फटका उभं राहूनच. फायटर्झमध्ये जवळजवळ प्रत्येकाचा २एम पायावर येतो. आणि प्रत्येकाकडे पुढे धरून मारायचा ६एम आहे, तो वरून येतो. पण ६एम सावकाश येतो, नजर बसली की दिसतो. म्हणून मूळ सवय अशी ठेवा : बसून अडवत राहायचं, ६एम किंवा उडी दिसली की उभं राहायचं आणि लगेच परत बसायचं. हाही डमीला रेकॉर्ड करून घ्या, २एम आणि ६एम आलटून-पालटून. पहिले दोन दिवस अर्धे फटके खाल. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा आधीच सांगायला लागतो.

ड्रॅगन रश अडवून अडत नाही, तो ड्रॅगन रशनेच तुटतो. समोरच्याने सुरू केला की एल आणि एम एकत्र दाबा. त्याचा ठळक आवाज आणि हालचाल दोन्ही ओळखीची होतात.

सतत दबाव चालू असेल तर दोन दारं आहेत. एक रिफ्लेक्ट, फुकट, पण वेळ साधावी लागते. दुसरं गार्ड कॅन्सल : अडवत असताना पुढे धरून साथीदाराचं बटण दाबलं की एक बार खर्चून तुमचा साथीदार आत घुसतो आणि जागा बदलतो. दोन्ही शिका, पण त्याआधी नुसतं अडवायला शिका. दबावाखाली बटण दाबायची इच्छा ही नवशिक्याची सगळ्यात महाग सवय. दोन फटक्यांच्या मध्ये बारीकशी फट दिसते, आपण एल दाबतो आणि समोरच्याने ती फट मुद्दामच ठेवलेली असते.

फटके खात असताना मात्र काहीच करता येत नाही. काही गेममध्ये कॉम्बो मध्येच फोडायची सोय असते, फायटर्झमध्ये ती नाही. कॉम्बो बसायला लागला की बटणं सोडा, बोटं सैल करा आणि विचार करा : हा मला कुठे पाडणार आहे, उठल्यावर हा उडी मारेल की पायावर येईल? त्या चार-पाच सेकंदांचा उपयोग करणारा खेळाडू लगेच ओळखू येतो.

पायरी ७ : तिघांचा संघ

पहिलं पात्र आवडीचं घ्या. लोक यादी दाखवतील, कुणी वरच्या दर्जाचं, कुणी खालच्या. आत्ता तिकडे बघू नका. ज्याच्यासाठी तुम्ही रोज अर्धा तास बसाल ते तुमचं पात्र. माझ्या भाच्याचा गोकू, माझी अँड्रॉइड १८.

उरलेल्या दोघांत निदान एक असा असू द्या ज्याचा असिस्ट, म्हणजे हाक मारल्यावर साथीदार येऊन करतो तो हल्ला, सरळ, लांब जाणारा बीम आहे. सुपर सैयान गोकूचा कामेहामेहा हे सोपं उदाहरण. २०२० पासून प्रत्येक पात्राला तीन असिस्टमधून एक निवडता येतो, तर निवडताना तो बघून घ्या. बीम टाकायचा आणि त्याच्या मागून चालत जायचं, हा पहिला सांघिक डाव. असिस्ट एकदा वापरला की तो परत मिळायला वेळ लागतो. पडद्यावर त्याची खूण दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवायची सवय लावा. समोरच्याचा असिस्ट संपलेला असतो तेव्हा पुढे जायचं असतं.

बाहेर बसलेल्या पात्राच्या ताकदीच्या पट्टीत निळा दिसणारा भाग हळूहळू भरून येतो. म्हणून अर्धमेला झालेला साथीदार मरेपर्यंत पुढे ठेवू नका, बाहेर काढा. आणि समोरच्याने तेच केलं तर? ड्रॅगन रश लागताना साथीदाराचं बटण दाबून ठेवलं की त्याला बाहेर बसलेलं पात्र सक्तीने आत आणावं लागतं.

पायरी ८ : बार आणि स्पार्किंग

की गेज सात बारपर्यंत भरतो. सुरुवातीला साधा हिशेब ठेवा : फटक्याने समोरचं पात्र संपणार असेल तर सगळं खर्च करा, नसेल तर दोन बार हाताशी ठेवा. स्पार्किंग ब्लास्ट, म्हणजे पात्राला थोडा वेळ चढणारा जोर, पूर्ण मॅचमध्ये एकदाच मिळतो. तुमची पात्रं जितकी कमी उरलेली तितका तो जास्त वेळ टिकतो, आणि चालू असताना गेलेली ताकद परत येते. शेवटच्या पात्रासाठी राखणं ही नवशिक्यासाठी बरी सवय. फटके अडवत असतानाही तो लावता येतो, हे लक्षात असू द्या.

सात ड्रॅगन बॉल गोळा करून शेनरॉनला, म्हणजे इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनला, बोलावण्याची सोयसुद्धा गेममध्ये आहे. सातही बॉल जमलेले, सातही बार भरलेले आणि त्यावर हलक्या फटक्यांचा आपोआप कॉम्बो पूर्ण करायचा. मग शेनरॉन येतो आणि ताकद भरून मागायची की मेलेला साथीदार, ते तुम्ही निवडता. मॅचमध्ये त्याच्या मागे लागू नका. पण आयुष्यात एकदा तरी घरी, मित्रासमोर, जरूर बोलवा. आकाश काळं होतं तेव्हा आठवीतला दुपारचा वेळ आठवतो.

पायरी ९ : ऑनलाइन

बरीच वर्षं फायटर्झचं ऑनलाइन खेळणं त्रासाचं होतं. जुन्या पद्धतीत दोन्ही मशिन एकमेकांचं बटण पोचायची वाट बघायची, त्यामुळे कनेक्शन हललं की अख्खा गेम चिखलातून चालल्यासारखा व्हायचा आणि घोटलेलं टायमिंग कामाला यायचं नाही. रोलबॅक पद्धतीत मशिन थांबत नाही. समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज बांधून पुढे जातं आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे येऊन दुरुस्त करतं. २९ फेब्रुवारी २०२४ ला प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्सवर फायटर्झ रोलबॅकसह आला. दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, ड्रॅगन बॉलचे जनक अकिरा तोरियामा गेले. बातमी ८ मार्चला आली. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण रात्री ऑनलाइन होता. जुने, लग्न झालेले, नोकरीसाठी बंगलोरला गेलेले, सगळे. कुणी फार बोललं नाही, खेळत राहिलो.

वायफाय टाळा, राउटरपासून वायर ओढा. भाड्याच्या खोलीत भिंतीच्या कडेने टाकलेली दहा मीटरची वायर इतका फरक करते की पहिल्याच मॅचला कळतं. गुरुवारी पुण्यात बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या दिवशी दुपारी रँक मॅच लावू नका, मध्येच गेलात तर समोरच्याचाही वेळ वाया जातो.

पायरी १० : लोकांत जा, आणि हरलेली मॅच बघा

एका खोलीत, एका टीव्हीसमोर, शेजारी बसलेल्या माणसाशी खेळल्याने जे येतं ते दुसऱ्या कशानेच येत नाही. हरल्यावर लगेच विचारता येतं, "हे तू काय केलंस?" आणि आमच्याकडे तरी ते कुणी लपवून ठेवत नाही, कंट्रोलर हातात देऊन दाखवतात. पहिल्यांदा गेलात की आपली ओळख सांगा, नवीन आहे म्हणून सांगा. एक-दोन मॅच हरल्यावर कंट्रोलर पुढच्याला द्या. कुणाच्या मॅचच्या मध्ये सल्ला देऊ नका. घरमालकांच्या झोपेची वेळ सांभाळा.

घरी आल्यावर हरलेल्या एका मॅचचा रिप्ले लावा. एकच, सगळ्या नकोत. समोरचा कॉम्बो सुरू झाला की थांबवा आणि कॉम्बो सोडून त्याच्या आधीचे दोन सेकंद परत बघा. मी काय दाबलं होतं? सुपर डॅश? अडवताना मध्येच एल? उभी होते आणि पायावर बसला? वहीत प्रत्येक वेळी एक रेघ मारा. माझ्या भाच्याच्या पहिल्या वहीत 'सुपर डॅश' या शब्दापुढे अकरा रेघा होत्या. पुढच्या शनिवारी सहा. गणपतीच्या आधीच्या शनिवारी दोन, आणि त्या दिवशी त्याचा तो छोटा कॉम्बो तीन वेगवेगळ्या माणसांना लागला. तिसऱ्या वेळी तो खुर्चीतून अर्धा उठला होता. उद्या तुम्ही बसाल तेव्हा वही आधी शेजारी ठेवा, मग गेम चालू करा, आणि पहिली वीस मिनिटं : २एम, ५एम, उडी.